पिसाळलेला कुत्रा गुरांना चावला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या भागातल्या कुत्र्यांमध्ये रेबीज आहे, तिथल्या गुरांनाही तो होतोच. माणसाला कुत्रा चावला की धावपळ होते. तोच कुत्रा त्याच रात्री गोठ्यात शिरून गेला असेल, याची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही. मग महिन्या-दीड महिन्याने म्हैस चारा सोडते, लाळ गाळायला लागते आणि घरातली माणसं एकामागून एक तिच्या तोंडात हात घालून बघतात. खालचे बरेचसे प्रश्न त्यानंतर विचारले जातात. ते आधी वाचलेले बरे.

कुत्रा चावल्याने गाई-म्हशींना खरंच रेबीज होतो का?

हो. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, उंट, डुक्कर, कुणीही सुटत नाही. कोंबड्यांची काळजी नको.

प्रत्येक चाव्यातून रोग होतोच असं नाही. कुत्र्याच्या लाळेत त्या वेळी विषाणू किती होता, दात किती खोल गेला, चावा कुठे बसला यावर बरंच अवलंबून असतं. दाट केसांवरून दात घसरला तर धोका कमी, नाकपुडी फाटली तर खूप जास्त. पण हे मोजायला साधन नाही. त्यामुळे पिसाळलेल्या कुत्र्याचा प्रत्येक चावा धोक्याचाच धरायचा.

चावल्यानंतर शरीरात काय होतं?

लाळेतला विषाणू जखमेतल्या स्नायूंमध्ये शिरतो, काही काळ तिथेच वाढतो आणि मग जवळच्या नसेत घुसतो. रक्तातून तो फारसा फिरत नाही. नसेतून हळूहळू मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत जातो. हा प्रवास चालू असताना जनावर अगदी ठणठणीत असतं, खातं-पितं, दूध देतं. मेंदूत पोचल्यावर विषाणू पुन्हा नसांमधूनच बाहेर पसरतो आणि लाळग्रंथींमध्ये उतरतो. लक्षणं दिसतात ती या टप्प्यावर, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

म्हणूनच चावा आणि लक्षणं यांच्यामधले दिवस लाखमोलाचे. जे काही करायचं ते तेवढ्यातच.

लक्षणं किती दिवसांनी दिसतात?

गुरांमध्ये साधारण दोन-तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. क्वचित सहा महिने किंवा त्याहूनही उशिरा. तोंडावर, मानेवर चावा असेल तर लवकर. मागच्या पायाला असेल तर उशिरा, कारण मेंदूपर्यंतचं अंतर जास्त. जनावर लहान असेल तरीही मुदत कमी भरते.

गुराला चावल्याचं कुणी पाहिलंच नाही. मग कसं कळणार?

बहुतेक वेळा कुणी पाहिलेलं नसतंच. चावा रात्री गोठ्यात किंवा दिवसा रानात बसतो, केसांखाली झाकला जातो आणि लक्षणं दिसेपर्यंत भरूनही येतो. त्यामुळे ‘जखम दिसत नाही’ म्हणून रेबीज नाही, असं म्हणता येत नाही.

परिसरात पिसाळलेलं कुत्रं फिरल्याचं कळलं की त्याच दिवशी उजेडात सगळी गुरं तपासा. सुरुवात तोंडापासून करा. अनोळखी कुत्रं दिसलं की गाय कुतूहलाने पुढे होते, मान खाली घालून हुंगते, आणि चावा नेमका नाकाडावर किंवा ओठावर बसतो. त्यानंतर कान, मान, मागच्या पायांचा खुरांवरचा भाग, सड आणि कास. शेळ्या-मेंढ्यांचे केस किंवा लोकर बोटांनी बाजूला सारून बघावं लागतं. हातमोजे घालूनच.

गुराला रेबीज झाल्याचं कसं ओळखायचं?

इथे लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते. पिसाळलेलं म्हटलं की डोळे तांबारलेलं, अंगावर धावून येणारं जनावर डोळ्यासमोर येतं. तसं होतंही: काही गुरं दावं तोडतात, खुंट्याला, भिंतीला धडका देतात, माणसावर किंवा दुसऱ्या जनावरावर चालून जातात. पण कितीतरी गुरांमध्ये रोग मुक्याने येतो. जनावर गप्प होतं आणि मागून लुळं पडत जातं.

सुरुवात अगदी साधी असते. चारा सुटतो, रवंथ थांबतं, दूध एकदम कमी होतं. नजर कुठेतरी लागल्यासारखी वाटते. इतक्या लक्षणांवरून कुणीही रेबीज ओळखू शकणार नाही.

एक-दोन दिवसांत चित्र बदलतं. तोंडातून लाळेच्या लांब तारा लोंबायला लागतात. लाळ जास्त होतेच, पण मुख्य म्हणजे ती गिळता येत नाही. चारा तोंडात घेतलेला तसाच गालात राहतो, पाणी नाकावाटे परत येतं. आवाज बदलतो, घोगरा, बसका, लांबलेला हंबरडा, तोही पुन्हा पुन्हा, काही कारण नसताना. हा आवाज एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी गोठ्याबाहेरूनच ओळखतो. कधी हंबरण्याची सगळी हालचाल होते आणि आवाजच फुटत नाही.

मागच्या बाजूलाही बघा. शेपटी सैल पडते, माशा हाकलायलाही हलत नाही. चालताना मागचे पाय अडखळतात, खुरांचा पुढचा भाग जमिनीवर घासतो. जनावर सारखं कुंथतं, पण शेण पडत नाही किंवा थोडंसंच पडतं. काही गाई माजावर आल्यासारख्या वागतात, बैल विनाकारण दुसऱ्या जनावरांवर चढतात. चावा बसला होता त्या जागी खाज सुटून जनावर तिथेच चाटतं, चावतं, कातडं सोलून काढतं. मग ते खाली बसतं आणि उठत नाही. पहिल्या लक्षणापासून मृत्यूपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस, फार तर दहा.

शेळ्या सतत ओरडतात, ढुशा देतात. मेंढ्या त्या मानाने शांतच राहतात. घोड्याला पोटशूळ झाल्यासारखं वाटतं.

गाय लाळ गाळतेय, गिळत नाही. घशात काही अडकलंय का ते हाताने बघावं का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

घसा लुळा पडलेली गाय आणि घशात फळ किंवा कंद अडकलेली गाय वरवर अगदी सारखी दिसते. दोघीही मान लांब करतात, लाळ गाळतात, गिळायचा प्रयत्न करून थांबतात. मालक प्रेमापोटी हात घालतो. शेजारी म्हणतो, मी बघतो. जबडा धरायला तिसरा येतो, नळीने औषध पाजायला चौथा. गाईच्या दातांवर हाताची कातडी खरचटते, आणि विषाणू असतो तो नेमका त्या लाळेत. रेबीज झालेली गाय माणसाला चावल्याची उदाहरणं कमी आहेत. तिच्या तोंडात माणसांनी हात घातल्याची खूप.

काही फरक लांबूनही दिसतात. अन्ननलिका पूर्ण अडली असेल तर गॅस बाहेर पडत नाही, डावी कूस लवकर फुगते. जनावर अस्वस्थ असलं तरी तरतरीत असतं, आवाज नेहमीचा असतो, शेपटी चालू असते. लाळखुरकुतीत तोंडात आणि खुरांत फोड येतात, आणि सहसा एकाच वेळी अनेक जनावरं आजारी पडतात. नुकत्याच व्यालेल्या गाईला दुग्धज्वर असेल तर कॅल्शियम दिल्यावर ती बहुधा काही तासांत उठते. पण हे ठरवणं पशुवैद्यकाचं काम. तुम्ही फक्त लाळ, बदललेला आवाज आणि मागच्या पायांची कमजोरी एकत्र दिसली की हात मागे घ्या आणि फोन करा. फोनवर ‘रेबीजची शंका आहे’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे येणारा डॉक्टरही तयारीने येईल.

पिसाळलेलं जनावर पाण्याला घाबरतं ना?

पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. गुरं पाण्याकडे जातात, तोंडही घालतात. गिळता येत नाही इतकंच. ‘पाणी बघून बिथरली नाही, म्हणजे रेबीज नाही’ हा तर्क चुकीचा.

चावा बसल्याचं लगेच कळलं. पहिल्या तासात काय करू?

जखम धुवा. औषध, गाडी, डॉक्टर सगळं नंतर. जनावर पक्कं बांधा, हातात जाड रबरी हातमोजे घाला, जखमेभोवतीचे केस कात्रीने कापा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. अंदाजाने धुतलं की दोन मिनिटांत हात थांबतो. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून साधा कपड्यांचा साबणही उपयोगी पडतो. खोल जखमेत पाण्याची धार आतपर्यंत जाऊ द्या. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा.

मिरचीपूड, चुना, माती, तेल, तापलेलं लोखंड यातलं काहीही लावू नका. त्याने जखम चिघळते आणि वेळ जातो. जखम शिवू नका, बांधूही नका. धुताना वापरलेले हातमोजे आणि कपडे साबणाच्या पाण्यात टाका, आपले हात कोपरापर्यंत धुवा.

चावल्यानंतर गुरांना लस देता येते का?

देतात, पण नियम देशोदेशी वेगळे आहेत. कुत्र्यांचा रेबीज जिथे कायमचा आहे अशा अनेक ठिकाणी पशुवैद्यक पाच मात्रा देतात: चावल्याचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. काही जण ९० व्या दिवशी आणखी एक देतात. लवकर सुरू केलं आणि जखम नीट धुतली असेल तर जनावर वाचण्याची शक्यता चांगली वाढते. हमी नाही; विशेषतः तोंडावरच्या खोल चाव्यात विषाणू लसीच्या आधी मेंदूत पोचू शकतो.

अमेरिकेसारख्या देशात वेगळी पद्धत आहे. आधी लस टोचलेलं जनावर असेल तर ताबडतोब पुन्हा लस देऊन ४५ दिवस नजरेखाली ठेवतात. कधीच लस न मिळालेलं असेल तर मारून टाकतात किंवा काही महिने वेगळं बांधून बघतात.

माझं मत विचाराल तर पाच मात्रांचं वेळापत्रक घेतलं तर पूर्ण घ्या. तिसऱ्या मात्रेनंतर जनावर ‘चांगलं दिसतंय’ म्हणून पुढचं सोडून देणारे खूप आहेत. ते या काळात चांगलंच दिसणार. त्यावरून काही कळत नाही. जनावर गाभण आहे म्हणूनही लस टाळू नका, ही लस मृत विषाणूची असते.

लक्षणं दिसल्यानंतर काही उपचार?

नाही. सलाईन, इंजेक्शनं, झाडपाला, मंत्र, कशानेही ते जनावर वाचत नाही. उपचारासाठी जितकी माणसं त्याच्याभोवती जमतील तितकी जास्त धोक्यात येतील. त्याला वेगळं आणि पक्कं बांधा, मुलांना लांब ठेवा. त्याचे हाल थांबवण्यासाठी स्थानिक कायद्यानुसार काय करता येईल ते पशुवैद्यकाला विचारा.

दुधाचं काय? आम्ही चार दिवस त्याच गाईचं दूध प्यायलो.

उकळून प्यायला असाल तर घाबरू नका, उष्णतेने विषाणू नष्ट होतो. कच्चं दूध प्यायला असाल तर धोका फार कमी आहे, पण शून्य म्हणवत नाही. डॉक्टरांना दाखवा, निर्णय त्यांना घेऊ द्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९६ आणि १९९८ साली रेबीज झालेल्या गाईंचं कच्चं दूध प्यायल्यामुळे बऱ्याच लोकांना लस द्यावी लागली होती. त्यांच्यापैकी कुणाला रेबीज झाला नाही.

लक्षणं असलेल्या जनावराचं दूध उकळूनही वापरू नका, विकू नका, डेअरीत घालू नका. फक्त चावा बसलाय आणि जनावर निरोगी आहे, तर दूध उकळून वापरायला हरकत नाही. खरा धोका पिणाऱ्यापेक्षा धार काढणाऱ्याला असतो, कारण तो लाळेच्या जवळ बसतो आणि त्याच्या बोटांना चिरा असतात.

मरायला टेकलंय, कापून मांस वापरलं तर?

नको. शिजवल्याने विषाणू मरतो हे खरं, पण शिजवण्याआधी कुणीतरी ते कापतं. मुंडकं, मेंदू आणि पाठीचा कणा हाताळणाऱ्याच्या बोटाला सुरी लागली की झालं.

आजारी गाईची लाळ माझ्या हाताला लागली. मला लस घ्यायला हवी का?

जागतिक आरोग्य संघटनेने तीन वर्ग केलेले आहेत, ते इथेही लागू पडतात. अखंड कातडीवर लाळ लागली, गाईला हात लावला, चारा घातला तर पहिला वर्ग: धुवा, लस लागत नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरा: लस लागते. रक्त आलं, आधीच्या जखमेवर किंवा भेगेवर लाळ लागली, डोळ्यात-तोंडात उडाली तर तिसरा: लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) लागतं.

शेतात राबणाऱ्या हातांना बारीक चिरा असतातच. त्या आठवत नाहीत, दिसत नाहीत. त्यामुळे उघड्या हाताने लाळेत काम केलं असेल तर ‘माझं कातडं अखंड होतं’ असं स्वतःच ठरवू नका. दोन आठवडे उलटून गेले असले तरी जा. उशीर झाला म्हणून घरी बसणं ही यातली सगळ्यात महागडी चूक. जनावराला हाताळलेल्या सगळ्यांची यादी करा. औषध पाजायला आलेला शेजारी हमखास राहून जातो.

एका गाईला झाला की सगळ्या गोठ्याला होतो का?

सहसा नाही. गुरं चावून रोग पसरवत नाहीत, त्यांच्यापाशी साखळी तुटते. एकाच गोठ्यात दोन-तीन जनावरं आजारी पडली तर बहुधा एकाच कुत्र्याने सगळ्यांना चावलेलं असतं. आफ्रिकेतल्या नामिबिया देशात कुडू नावाच्या रानटी हरणासारख्या प्राण्यांमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या साथी आल्या आणि तिथे रोग त्यांच्यात आपापसातच पसरत असावा असं मानलं जातं. पण तो अपवाद. तरीही एकाच गव्हाणीत, एकाच पाण्याच्या टाकीवर आजारी जनावर ठेवू नका.

शेणाची, मूत्राची, गोठ्याच्या जमिनीची भीती?

नाही. विषाणू ऊन आणि कोरडेपणा सहन करत नाही. गव्हाण, दावं, बादली अशा लाळ लागलेल्या वस्तू साबणाच्या पाण्याने धुवून उन्हात टाका.

चावणारं कुत्रं पकडलंय. मारून टाकू?

सुरक्षितपणे कोंडता येत असेल तर मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रं बहुधा या मुदतीत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर त्या चाव्यातून रेबीजची भीती नाही आणि पुढच्या मात्रा थांबवता येतात. पण दहा दिवस वाट बघून मग उपचार सुरू करायचे नाहीत. धुणं आणि पहिली मात्रा त्याच दिवशी. कुत्रं मेलं किंवा मारावं लागलं तर डोक्यावर घाव घालू नका, तपासणीला मेंदू लागतो.

सगळी भटकी कुत्री संपवली तर प्रश्न मिटेल ना?

ऐकायला सोपं वाटतं आणि राग समजण्यासारखा आहे. पण ते करून बघितलेलं आहे. १९९७ साली इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर बाहेरून आलेल्या कुत्र्यांसोबत रेबीज पोचला. तिथे प्रचंड संख्येने कुत्री मारण्यात आली, तरी रोग बेटावर टिकून राहिला. मारलेल्या कुत्र्यांची जागा नवी कुत्री घेतात, लोक आपली कुत्री लपवतात, दुसरीकडे नेऊन सोडतात, आणि रोग त्यांच्यासोबत जातो. त्यातून लस टोचलेली कुत्रीही मारली जातात, म्हणजे होती ती भिंतही पडते.

उलट, एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली आणि ती वर्षानुवर्षं मिळत राहिली, तर रोगाला पुढचं कुत्रं सापडत नाही. मेक्सिकोने याच वाटेने जाऊन २०१९ साली कुत्र्यांमुळे होणारे माणसांचे रेबीजमृत्यू थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार कुत्र्यांच्या रेबीजमुळे दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात आणि ८.६ अब्ज डॉलरचं नुकसान होतं. त्यात गुरांच्या मृत्यूचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास धरलाय. हा आकडा लहान वाटतो, पण सरासरी फसवी असते. ज्या घरात दोनच म्हशी आहेत तिथे एक मेली तर तिथलं नुकसान पन्नास टक्के. शिवाय गुरांच्या नोंदी फारच कमी होतात.

मग गुरांना आधीच लस टोचून ठेवायची का?

परिसरात वारंवार रेबीज दिसत असेल, गुरं मोकळी चरत असतील, तर दुभत्या आणि कामाच्या जनावरांना जरूर टोचा. तीन महिन्यांच्या वयापासून देता येते, पुढे लसीच्या सूचनेप्रमाणे, बहुधा वर्षाला एक. पण पैसे मोजकेच असतील तर आधी गोठ्यावरच्या आणि वस्तीतल्या कुत्र्यांवर खर्च करा. शंभर गुरांना टोचण्यापेक्षा दहा कुत्र्यांना टोचणं स्वस्त पडतं आणि त्यात घरातली मुलंही वाचतात.

रेबीजच होता हे पक्कं कसं कळतं?

जिवंत जनावरावर भरवशाची चाचणी नाही. मेल्यावर मेंदूचा तुकडा, त्यातही मेंदूचा बुंधा आणि लहान मेंदू, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी होते, म्हणजे चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी मेंदूत विषाणू शोधतात. नमुना पशुवैद्यकानेच काढायचा. माणसांची लस मात्र अहवालासाठी थांबवायची नाही.

मेलेल्या जनावराची विल्हेवाट?

खोल खड्ड्यात पुरा किंवा जाळा. उघड्यावर टाकू नका, कुत्री आणि कोल्हे तुटून पडतात. कातडं सोलू नका. ओढून नेताना तोंडाकडून धरू नका, मागच्या पायांना दोर बांधा.

आजारी गाईचं वासरू तिला पीत होतं. त्याचं काय?

दुधापेक्षा तिच्या जिभेची काळजी करा. आई वासराचं नाक, तोंड, ओली नाळ सारखी चाटते. शिवाय ज्या कुत्र्याने तिला गाठलं त्याने वासरालाही गाठलेलं असू शकतं. वासरू लगेच वेगळं करा, हातमोजे घालून साबणाने धुवा, चावा शोधा आणि पशुवैद्यकाला लस विचारा. पुढचे काही महिने नजर ठेवा. पाजणारं माणूस शक्यतो एकच ठेवा, आणि तोंडात बोटं घालून दूध प्यायला शिकवण्याची सवय या वासरापुरती बंद. बाटली वापरा.